उंबराच्या पोटातली पाहुणी

मी एक जुना उंबर आहे, आणि मित्रांनो, मला स्वतःविषयी बोलायला फार आवडते. तंजावरच्या मेल वीदी नावाच्या रस्त्यामागे एका परसात मी उभा आहे. गावासाठी मी अत्तिमरम. पण या घरातली माणसे पिढ्यान् पिढ्या इथे राहूनही चुलीपाशी मराठीच बोलतात, म्हणून त्यांच्यापुरता मी उंबर. मला कोणी लावले नाही. एका तांबट पक्ष्याने नदीकाठी पोटभर उंबरे खाल्ली आणि विहिरीच्या कठड्यावर बसून, आता काय सांगू, माझे बी टाकले. जन्म असा झाला म्हणून मला कधी कमीपणा वाटला नाही.

फार दिवसांनी भेटणाऱ्याला तुम्ही उंबराचे फूल म्हणता. तमिळमध्येही ‘अत्ती फुलल्यासारखे’ म्हणतात. दोन्ही भाषांतली माणसे एकाच जागी फसली, याची मला भारी गंमत वाटते. अहो, ज्याला तुम्ही फळ समजता त्याच्या आत माझी शेकडो फुले दाटीवाटीने बसलेली असतात! त्याचे दार मात्र इतके अरुंद की तिथून एकाच जातीची पाहुणी आत येते. ती उंबरमाशी, तिळाहून लहान. आत शिरताना बिचारीचे पंख गळून पडतात. येताना ती दुसऱ्या उंबराचे पराग आणते, काही फुले फळवते आणि काहींत आपली अंडी घालते. तिची लेकरे माझ्या पोटात वाढतात आणि मोठ्या झालेल्या लेकी माझे पराग घेऊन उडून जातात. ती नसेल तर माझे फळ पिकत नाही, आणि मी नसेन तर तिची लेकरे जन्मत नाहीत. कोणाचे उपकार कोणावर, हे आम्ही कधी बोललो नाही.

घरच्या कमलाक्षीअम्मांनी माझ्या पायाशी दत्ताच्या पादुका ठेवल्या होत्या. सकाळी त्या तिथे पदे म्हणत, आणि वर कोकिळा, बुलबुल, साळुंक्या जेवता जेवता कलकलाट करीत. माझ्या कोवळ्या उंबरांचे अम्मा डाळ घालून असे कूटू करीत की शेजारणी वाट्या घेऊन येत. तेव्हा माझा तोरा काही विचारू नका.

अम्मांचा मुलगा गिरीश याने शेतीच्या औषधांचे दुकान काढले. नव्या कंपन्यांचे रंगीत डबे येऊ लागल्याचे ते दिवस होते. त्या वर्षी दत्तजयंतीच्या आधी त्याच्या मनात आले, की देवाच्या झाडाचे फळ नैवेद्याला ठेवावे. फोडून पाहतो तर काय!

“अम्मा, आत पूची आहेत! सामीच्या पानावर किडे ठेवायचे कां? मरुंदु मारतो मी.”

“नक्को रे. ते नेहमीच असतात तिथे,” अम्मा म्हणाल्या.

पण गिरीशने ऐकले नाही. औषधाचा पंप पाठीला लावून त्याने मला शेंड्यापर्यंत न्हाऊ घातले. त्याची भक्ती खरी होती, तिथेच तर घात झाला. माझ्या पोटातून निघालेल्या माश्या वाऱ्यावर जाण्याआधीच मेल्या. पुढच्या बहरालाही त्याने पंप चालवला, मग एकही पाहुणी आली नाही, आणि उंबरे हिरवी, टणक अशीच टपाटप गळून गेली. पाखरांनी पाठ फिरवली. पोंगलच्या दिवशीही परसात शुकशुकाट होता. मला रडू येत होते, पण झाडाला रडायची सोय नाही.

गल्लोगल्ली तेव्हा एसटीडी बूथ उघडत होते. गिरीशलाही एक हवा होता, आणि जागा त्याने माझी हेरली.

“फळ न देणारं झाड ठेवून काय करायचं, अम्मा?”

“अजून एक बहर बघू. तोवर कुऱ्हाड नाही नि तुझा तो मरुंदुही नाही. त्या वासाने माझी छाती भरते.”

नवी उंबरे धरली. आता सारा जीव त्यांच्यावर. माशीचे आयुष्य ते केवढे, एक-दोन दिवसांचे. वाट चुकली तर संपलेच. तिला वाट सापडावी म्हणून मी माझ्या उंबरांचा वास वाऱ्याला देत राहिलो. आणि एका उन्हाच्या सकाळी, नदीकडच्या वाऱ्याबरोबर, त्या आल्या! एक आली, मग दहा, मग मोजता येईनात. आनंदाने माझे पान न् पान हलले.

गिरीश बूथचे माप घ्यायला मेस्त्रीला घेऊन आला, तेव्हा फांद्या लालेलाल झाल्या होत्या आणि वर पाखरांची पंगत बसली होती. त्याने एक उंबर फोडले. इवल्या माश्या निघून त्याच्या तळव्यावर पसरल्या.

“किडे गेले तेव्हा फळंही गेली,” त्याची बायको भुवना हसत म्हणाली. “आता दोघंही आले. घ्या माप!”

गिरीशने तळवा वाऱ्याकडे वळवला. मग त्याने हात उंच धरला, आणि त्या एकेक करून उडाल्या.

“मेस्त्री,” तो म्हणाला, “बूथ वाटेकडच्या बाजूला बांधू. लहान झाला तर होऊ दे.”

मित्रांनो, एखादा किडा चिरडण्याआधी तो कोणाकडे निघाला आहे, एवढे मनाशी विचारा. कोणीतरी जीव मुठीत धरून त्याची वाट बघत असेल. बरे, आता मला जाऊ द्या. नवी उंबरे धरली आहेत आणि वारा नदीकडून येतो आहे.