मावशीची उशी

"उजवीकडे सरका रे सगळे! उभं राहायचं नाही, बसल्या बसल्या सरका! मावशी कूस बदलतेय!"

सुकाणूवरून तांडेलानं हाळी दिली तशी शाळा सुटून घरी निघालेली अकरा पोरं ढुंगणं घासत होडीच्या उजव्या फळीवर गेली. मागोमाग शाळेच्या बाई सरकल्या. त्यांनी एका हातानं फळी धरली होती आणि दुसऱ्या हातानं सगळ्यात धाकट्याची कॉलर. वारा असा सुटला होता की बाईंची छत्री मघाशीच उडाली होती आणि एव्हाना दुसऱ्या देशात कुणाच्या तरी डोक्यावर पोचलीही असेल.

मावशी म्हणजे होडीखालचा मासा. तिची पाठ एवढी रुंद की त्यावर दोन शाळा मावतील, वर मधल्या सुट्टीचं मैदान. एकदा तिनं अख्खा दीपस्तंभ गिळला, तेव्हापासून ढेकर दिली की तिच्या तोंडातून उजेड पडतो. होडी तीच पाठीवर घेऊन चालते, आणि तिनं कूस बदलली की पोरांनी लगेच दुसऱ्या फळीवर सरकायचं, नाहीतर तिला गुदगुल्या होतात. हे सगळं अर्थात तांडेलाचं. वारा, शीड, तोल असलं काही पोरांना समजावत बसलं तर तोवर होडी तळाला जाते. मावशी मात्र झटकन कळते.

"आजोबा, मावशीला दात आहेत?" भोपळ्यानं विचारलं. तो वर्गातला सगळ्यात गोल.

"कवळी आहे. तू सरक."

पोरं सरकली. आता होडीनं सरळ व्हायला हवं होतं. तीस वर्षं ती अशीच सरळ होत आली होती. पण आज डावा काठ काही वर येईना. एक लाट आली आणि घरात शिरावं तशी काठावरून आत आली. बाईंच्या चपला तरंगायला लागल्या.

"मावशी रागावली?" धाकट्यानं विचारलं.

"छे! तिला झोप लागत नाहीये," तांडेल म्हणाला. आवाज हसरा होता, पण त्याची नजर डाव्या काठावरून हलत नव्हती. शीड अर्धं उतरवलं होतं. पोरं वाऱ्याच्या अंगाला होती. मग चुकलं कुठं?

चुकलं होतं ते धक्क्यावरच, आणि हे त्याला दुसऱ्या लाटेला कळलं.

होडीत बसवताना प्रत्येक पोराला तो स्वतः काखेत हात घालून उचलायचा. येताना एकदा, जाताना एकदा. कुणाला कुठल्या फळीवर बसवायचं ते त्याचे हात सांगायचे. डबा न खाल्लेलं पोर त्याला उचलल्याबरोबर ओळखू यायचं. आया त्यालाच विचारायच्या, "भरलंय का हो जरा अंगानं?" पण गेले तीन महिने पोरांना त्याची लेक उचलत होती आणि तो नुसत्या नजरेनं जागा सांगत होता. "तुझ्या कमरेला व्यायाम," असं त्यानं तिला सांगितलं होतं. खरं म्हणजे त्याचा उजवा खांदा गेला होता. शर्टाचं वरचं बटण लावतानाही डोळ्यांत पाणी यायचं. पण हे बोललं की सुकाणू हातातून जाणार. मग सकाळी उठून करायचं काय?

"डाव्या फळीखाली काय आहे गं?" त्यानं लेकीला विचारलं. ती शिडाची दोरी ओढून उभी होती.

"दप्तरं. चौघी मैत्रिणींची. उचलताना आज जडच लागल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला दिसलं असेल!"

नजरेला काय दिसणार! तांडेलानं काडीकडे पाहिलं. काडी त्या चौघींतली सगळ्यात बारीक, फुंकर मारली तर उडेल अशी.

"काडे, दप्तरात काय आहे?"

"दगड," काडी म्हणाली. "शाळेमागचे. आमच्या बाजूचे एवढे गोल नसतात. आम्ही चौघींनी भरलेत."

"आणि पुस्तकं?" बाई किंचाळल्या.

"ती शाळेत ठेवली. जागाच नव्हती."

इतक्या वाऱ्यातही तांडेलाला हसू फुटलं. पण तेवढ्यात सुकाणूला हिसका बसला आणि खांद्यातून अशी कळ गेली की हात लुळाच पडला. होडी भेलकांडली. पोरांनी एकदम हंबरडा फोडला.

त्यानं एकदा अकरा तोंडांकडे पाहिलं.

"ये इकडे," तो लेकीला म्हणाला. "सुकाणू धर. माझा खांदा गेलाय."

"माहितेय."

"कधीपासून?"

"व्यायाम सुरू झाला तेव्हापासून. सरका."

"आणि दोरी?"

"द्या इकडे," बाई म्हणाल्या. त्यांनी ती दोरी अशी धरली, जसा परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोराचा कान. मग वाऱ्याची काय बिशाद!

तांडेल गुडघ्यांवर होडीच्या तळाशी बसला. "पोरांनो, कळलं मला! मावशीला उशी पाहिजे! जागचं उठायचं नाही. फक्त हात पुढे."

डाव्या हातानं तो एकेक दगड काढत गेला आणि पोरं हातोहात तो मधोमध, अगदी तळाशी रचत गेली. धाकट्यानं प्रत्येक दगड थोपटून ठेवला. शेवटचा दगड ठेवला आणि डावा काठ हळूच वर आला. लेकीनं सुकाणू वळवलं. होडी लाटेवर चढली, उतरली, पुन्हा चढली.

"झोपली," धाकटा कुजबुजला.

धक्क्यावर अकरा आया उभ्या होत्या. कुणी पोराला मिठी मारली, कुणी आधी धपाटा घातला आणि मग मिठी मारली. बाईंनी दोरी सोडली ती तिघांनी बोटं उलगडल्यावर.

"आजोबा, माझे दगड?" काडीनं विचारलं.

"दोन घेऊन जा. बाकीचे मावशीच्या उशीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ताटासारखं सपाट होतं. लेक एकेका पोराला उचलून जागेवर बसवत होती. "भोपळ्या, न्याहारी केली नाहीस." "केली!" "खोटं." काडीला उचलण्याआधी तिनं दप्तर हलवून पाहिलं.

सगळ्यांत शेवटी तांडेल राहिला. सुकाणूजवळची त्याची जागा रिकामी होती. तो तिकडे गेला नाही. रांगेत जिथे पोरं उभी राहतात, तिथे येऊन उभा राहिला.

"मी कुठं बसू?"

त्याचा दुखरा खांदा सांभाळत लेकीनं त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला उचललं. क्षणभर तशीच थांबली.

"डावीकडे," ती म्हणाली. "काडीशेजारी."