फुएनसान्ताचं गवत

आमच्या गावात कुणाच्या घरी मयत झालं की त्या घरच्या रानाची पुढची नांगरट शेजारी करून देतात. कुणी बोलवायचं नसतं आणि कुणी नको म्हणायचं नसतं. घरच्या माणसाने बांधावर उभं राहायचं, आलेल्यांना वाइन द्यायची, बस. नको म्हणणं म्हणजे गावाशी संबंध तोडणं.

माझी बायको फुएनसान्ता पानगळीच्या दिवसांत गेली. जानेवारीत तिच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना ठेवली होती. बाहेर पडताना तिचा भाऊ आनाक्लेतो माझा हात धरून म्हणाला, "शनिवारी येतो आम्ही, दाजी. चार ट्रॅक्टर आहेत. दुपारपर्यंत तुझं रान आरशासारखं करतो." मी मान हलवली. त्या दारात प्रत्येक जण हात हातात घेत होता आणि मी सगळ्यांनाच मान हलवत होतो. घरी येऊन कोट काढताना कळलं, आपण कशाला होकार दिला ते.

आमचं रान बदामाचं. पठार उंच, पाऊस नावाला, आणि वारा सुटला की माती उचलून नेतो. इथे चांगला शेतकरी तो, ज्याच्या झाडांखाली गवताची काडी नाही. गवत झाडाचं पाणी पितं, हे आमच्या बापांनी सांगितलेलं. रविवारी लोक फिरायला निघतात ते एकमेकांची रानं बघत, आणि कुठे हिरवं दिसलं की म्हणतात, हा बाबा आजारी आहे की आळशी?

फुएनसान्ताने नांगर बंद केला त्याला बरीच वर्षं झाली. झाडांच्या ओळींमध्ये ती सातू आणि चारा पेरायची. ओविदिओ धनगराच्या मेंढ्या आत सोडायची. उताराला आडवे चर काढून पावसाचं पाणी तिथेच जिरवायची. सुरुवातीला बदाम कमी आले तेव्हा गाव पोट धरून हसलं. सहकारी संस्थेच्या बैठकीत ती एकदा उठून म्हणाली, "जमिनीचं नुकसान कमी कसं करायचं, एवढाच विचार आपण करतो. आपण इथे राहतो म्हणून ही जागा आधीपेक्षा जास्त जिवंत का होऊ नये? माती जाते म्हणून पोरं जातात, पोरं गेली म्हणून शाळा बंद होते. हे सगळं एकत्र मोडलंय. मग दुरुस्तही एकत्रच करावं लागेल."

आनाक्लेतो मागून ओरडला, "ताई, आधी घरचं गवत काढ, मग जगाला दुरुस्त कर!"

सगळे हसले. तीही हसली. म्हणाली, "तू ये की खुरपायला. तेवढंच पोट कमी होईल."

मला तिचं सगळं पटायचं असं नाही. पण जोराचा पाऊस झाला की सगळ्यांच्या रानातून लाल पाणी रस्त्यावर यायचं, आमच्या रानातून येत नव्हतं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मातीत हात घातला तर हात जायचा. ते नांगराने एका सकाळीत संपलं असतं, आणि तिचं दुसरं काही माझ्याकडे उरलेलं नव्हतं. कपडे मुलगी घेऊन गेली होती.

गुरुवारी नको म्हणायला आनाक्लेतोच्या घरी गेलो. त्याची बायको साग्रारिओ मिगास परतण्यासाठी शिळ्या पावाचे तुकडे करत बसली होती. टोपलं भरलं होतं. सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांचं जेवण तीच करणार होती.

"ये, बस. खाल्लंस का काही? तोंड बघ कसं झालंय," ती म्हणाली.

आनाक्लेतो अंगणात ट्रॅक्टरखालून बाहेर आला. "हे बघ दाजी, नवे फाळ बसवले. माझ्या बहिणीचं रान आहे, जुन्या फाळाने नाही करायचं." त्याचे डोळे लाल होते. मी चीजचा तुकडा खाल्ला, फाळ चांगले आहेत म्हटलं आणि परत आलो.

शनिवारी इतर कुणी यायच्या आत पोहोचायचं म्हणून उजाडताच निघालो. आनाक्लेतो माझ्याही आधी आला होता. वरची पट्टी नांगरून झाली होती. सातूची रोपं उलटी पडली होती, मुळं वर. चर बुजला होता. तो वळून दुसऱ्या ओळीत शिरत होता तेवढ्यात मी ट्रॅक्टरसमोर जाऊन उभा राहिलो.

"बाजूला हो! मरायचंय का?"

"बंद कर ते."

त्याने इंजिन बंद केलं. "काय झालं?"

"नांगरायचं नाही. तिने नांगरलं नसतं."

"ती आता नाही, दाजी." तो खाली उतरला. "आणि जिवंत असताना तिच्यावर गाव हसलं. मला ऐकावं लागलं ते, भाऊ म्हणून. निदान ती गेल्यावर तरी तिचं रान स्वच्छ दिसू दे. माझ्याकडून तिच्यासाठी एवढं तरी होऊ दे."

"ते घाण नव्हतं, आनाक्लेतो."

"मग चर्चच्या दारातच नको का नाही म्हणालास? घरी आलास, फाळ बघितलेस, चीज खाल्लंस!"

मी बांधाकडे वळलो. बाकीचे तिघे ट्रॅक्टर घेऊन बांधाशी आले होते. त्यांना मी म्हटलं, खालचा दगडी बांध पडलाय, तो लावून द्या, माझ्यावर उपकार होतील. दोघांनी आनाक्लेतोकडे पाहिलं. तिसरा म्हणाला, "आम्ही नांगरायला आलोय, हिनेस. दगड उचलायला नाही." आनाक्लेतोने नांगर वर उचलला आणि निघून गेला. ते तिघेही त्याच्या मागे गेले. वाइनची बाटली कुणी उघडली नाही.

साग्रारिओ मिगासची कढई घेऊन आली तेव्हा मी एकटाच होतो. उलटलेली ढेकळं कुदळीने परत सुलटी करत होतो, गवत वर येईल अशी. तिने कढई दगडावर ठेवली.

"असं लागतं होय ते परत?"

"काही लागेल. काही नाही."

"तो रडतोय घरी," ती म्हणाली. "आणि तू इथे मातीशी खेळतोयस. ऑगस्टमध्ये बदाम झोडपायला कोण येणार तुझ्याकडे? एकट्याने झाडांखाली जाळी पसरणार आहेस?"

"माहीत नाही."

"चारा कधी पेरायचा, मेंढ्या कधी आत घ्यायच्या, ते तरी माहीत आहे का?"

"थोडं थोडं. ओविदिओला विचारीन."

"आणि माझ्या नवऱ्याला काय सांगू?"

मी कुदळीला टेकून उभा राहिलो. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. त्यातलं काहीच त्याला बरं वाटण्यासारखं नव्हतं.

"सांग, दाजी उद्या येतो म्हणाला. दार उघडलं नाही तर बाहेर बसेन."

"नाही उघडणार तो," साग्रारिओ म्हणाली. तिने कढईवरचं झाकण काढून मला चमचा दिला. "खा आधी. थंड झालं की दगड होतो त्याचा."