मास्तरीणबाईंचा उजवा पाय

"ब्रेक! अहो काका, ब्रेक दाबा!"

काकांनी दाबला तो नेमका ॲक्सिलरेटर. समोर भाजीची हातगाडी आडवी उभी. नवशिक्यांचं असं व्हायचंच, म्हणून तर शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. मास्तरीणबाईंचा उजवा पाय आजवर विचार करायच्या आधीच त्यावर पडायचा. आज तो जागचा हलला नाही. कुल्ल्यापासून टाचेपर्यंत सणकन कळ गेली आणि पाऊल जणू दुसऱ्याच कुणाचं झालं. त्यांनी जिवाच्या आकांताने हँडब्रेक ओढला. गाडी हातगाडीला घासता घासता थांबली.

"चुकलं हो माझं," काका घाम पुसत म्हणाले.

"तुम्ही शिकायलाच आलाय, चुकणारच. चुकायला नको होतं ते मी."

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये परतल्यावर त्यांनी मालकांना सरळ सांगून टाकलं. "या पायाचा सोक्षमोक्ष लागेपर्यंत मी गाडीत बसणार नाही."

"कंबर धरली असेल. बैठं काम आपलं."

हेच तर सगळे म्हणत आले होते. हाडांच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "काम काय करता?" गाडी शिकवते म्हटलं की निदान तयार. मग पट्टा आला, गोळ्या आल्या, कडक गादी आली. कमरेच्या फोटोत काहीच सापडत नव्हतं, पण ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. दर महिन्याला पाळीत पोट दुखायचं, ते तर घरात कुणी दुखण्यात धरतच नव्हतं.

"सगळ्याच बायकांना दुखतं गं," सासूबाई म्हणाल्या.

"सगळ्या बायकांचा पाय उचलेनासा होतो का, आई?"

सासूबाईंना राग आला असावा, पण मास्तरीणबाईंना आता कुणाचे रागलोभ सांभाळायची सवड नव्हती.

पाळीच्या दुखण्यासाठी त्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. खुर्चीतून उठून तपासणीच्या टेबलाकडे निघाल्या, तोच मागून आवाज आला.

"लंगडताय का?"

"ते वेगळं. ते हाडांच्या डॉक्टरांचं खातं."

"अंगात कधीपासून खाती पडली?" डॉक्टरीणबाई हसल्या. "पाय जास्त कधी दुखतो, ते सांगा बरं."

मास्तरीणबाई बोलायला गेल्या आणि थबकल्या. गरम पाण्याची पिशवी त्या आधी ओटीपोटावर धरत आणि मग तीच सरकवून कुल्ल्याखाली घेत. दर पाळीला, गेली कित्येक वर्षं. पिशवी एकच होती, आणि दुखणी मात्र त्यांनी दोन डॉक्टरांत वाटून टाकली होती. पायवाल्याला पाळी सांगितली नाही, पाळीवालीला पाय सांगितला नाही. त्यांना स्वतःचाच संताप आला.

"पाळीच्या आधी सुरू होतं," त्या हळूच म्हणाल्या. "पूर्वी नंतर थांबायचं. हल्ली थांबत नाही."

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा पाय दाबून, वाकवून पाहिला, आतूनही तपासलं. पाऊल वर ओढताना जोर कमी पडत होता. या वेळी एमआरआय कमरेचा नव्हे, ओटीपोटाचा आणि तिथल्या नसांचा झाला. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या नसेवर वाढला होता. दर पाळीला तो सुजायचा आणि नस आवळायचा. एंडोमेट्रिओसिस असं त्याचं नाव.

"पाळी थांबवणाऱ्या गोळ्यांनी दुखणं दबेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पायातला जोर कमी होत चाललाय, म्हणून नस मोकळी करावी लागेल. असं ऑपरेशन करणारे सर्जन आहेत, त्यांच्याकडे पाठवते. जोर सगळा परत येईल असं मात्र वचन देता येत नाही."

नवरा घाबरला. "शिकवणं सोड ना. घरी बस."

"घरी बसून नस सुटते का?" त्यांनी विचारलं, आणि ऑपरेशनची तारीख घेतली.

ऑपरेशन झालं. ती जुनी कळ गेली, ती गेलीच. पाऊल मात्र रुसलेल्या पाहुण्यासारखं हळूहळू परतत होतं. फिजिओथेरपिस्टने व्यायाम घोटून घेतले, मास्तरीणबाईंनी ते दात आवळून केले. डॉक्टरांनी गाडीची परवानगी दिली, तेव्हा त्या मालकांना घेऊन मोकळ्या मैदानावर गेल्या.

"तुम्ही चालवा. मी ब्रेक दाबेपर्यंत वेग कमी करायचा नाही."

मालकांनी गाडी भरधाव सोडली. मास्तरीणबाईंनी ब्रेक दाबला. गाडी थांबली.

"जमलं की!" मालक खूश झाले. "उद्यापासून या."

"नाही जमलं. पाय उशिरा पडला."

"कुठे उशीर? मला तर कळलासुद्धा नाही."

"मला कळला ना."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते त्यांनी लपवलं नाही. "पुढच्या महिन्यात परत बघू," म्हणत त्या उतरल्या.

"बसा हो, घरी सोडतो."

"चालत जाते. कामाची सवय लागू दे पायाला."

त्या रस्त्याच्या कडेने चालू लागल्या. मालक पहिल्या गिअरमध्ये, काळजीने, मागे मागे गाडी आणत राहिले. मास्तरीणबाईंनी वळूनही पाहिलं नाही. उजवा हात बाजूला काढून त्यांनी तो मागून पुढे हलवला, मागच्या गाडीला वाट द्यायला शिकवतात अगदी तसा. जा, पुढे जा.