तिसऱ्या खणाखालचं नाव

मित्रांनो, मी एक जुनं, वीस खणांचं लाकडी कपाट आहे. जवळ या, पण नाक धरून या. माझ्या पोटात केचपच्या पुड्या आहेत आणि तिसऱ्या खणाखाली कुणाचं तरी उष्टं च्युइंगगम. शी!

माझा जन्म जर्मनीतला. प्रोफेसर लिंडनर मला मिशिगनच्या एका विद्यापीठात घेऊन आले. स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, रुमानियन, या सगळ्या लॅटिनच्या लेकी. त्यांचे खेड्यापाड्यांतले शब्द सरांनी चाळीस वर्षं वेचले. प्रत्येक कार्डावर एक शब्द, खाली तो सांगणाऱ्या माणसाचं नाव आणि गाव. हात धुतल्याशिवाय मला कुणी शिवायचं नाही! ऑफिसातल्या उत्तराबाई हसायच्या, "सरांचं सोवळं माझ्या सासूबाईंपेक्षा कडक!" मला त्या सोवळ्याचा गर्व होता.

१९८६ साली सर आजारी पडले आणि त्याच महिन्यात डिपार्टमेंटमध्ये कॉम्प्युटर आला. कार्डं टाइप करायचं काम उत्तराबाईंकडे आलं. कॉम्प्युटरवाला शैलेंद्र म्हणाला, "मावशी, नावं स्किप करा. डिस्कवर जागा नाहीये."

"सरांना विचारू का?"

"हॉस्पिटलमध्ये कशाला डिस्टर्ब करता?" असं म्हणत त्यानं तोंडातलं च्युइंगगम माझ्या तिसऱ्या खणाखाली चिकटवलं. मेल्याला लाज नाही!

बाईंनी त्याचं ऐकलं. काम संपल्यावर कार्डं पिशव्यांत भरून कचऱ्यात गेली, वर कॉफीचा चोथा ओतला. माझ्या रिकाम्या खणांत ऑफिसवाल्यांनी डब्यासोबतच्या केचपच्या पुड्या कोंबल्या.

सर काठी टेकत परत आले. पडद्यावरचे शब्द पाहून खूश झाले. मग एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "हा कुणी सांगितला?"

"नावं घेतली नाहीत, सर. चुकलं माझं." उत्तराबाई रडायलाच लागल्या.

"ती माणसं आता नाहीत," सर हळूच म्हणाले. "त्यांची नावं फक्त इथंच होती."

त्यांनी माझे खण एकेक करून ओढले. सगळीकडे केचप. तिसरा पार बाहेर काढला, तर तळाच्या गमला चौथ्या खणातलं एक कार्ड चिकटलेलं! सरांनी ते नखानं सोडवलं. उत्तराबाईंनी आधी जाऊन हात धुतले, मग ते घेऊन वाचलं, "इलियाना, धनगराची विधवा."

चाळीस वर्षांतलं एवढं एकच नाव उरलं.

मित्रांनो, जुनं टाकायचं तर टाका, पण आधी हात धुवा आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते वाचा. ते गम अजून माझ्या अंगावर आहे. मला त्याची किळस येते. पण शहाण्यासुरत्या माणसांनी जे राखलं नाही, ते त्या घाणीनं राखलं.