दोनशेबाईंचं रक्त

"पट्टा जरा सैल कर गं बाई. हात आहे माझा, पोत्याचं तोंड नाही," दोनशेबाई पुटपुटल्या.

रक्त घेणारी मुलगी नवीन होती, ती गोंधळली. शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलेले बाईंचे यजमान तिथूनच म्हणाले, "मनावर घेऊ नकोस. ही शिंप्यालासुद्धा सुई कशी धरायची ते शिकवते."

दोनशेबाई हे नाव त्यांना याच प्रयोगशाळेने दिलेलं. काचपट्टीवरच्या शंभर पांढऱ्या पेशी मोजून अहवाल लिहायचा, अशी तिथली पद्धत. बाईंनी एकतीस वर्षं दोनशे मोजल्या. कुणी हसलं, कुणी वैतागलं, पण त्यांचा अहवाल परत तपासायला कधी कुणी मागितला नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, मोजायला यंत्र आलं होतं आणि बाईंच्या आतड्यात गाठ निघाली होती. सोमवारी उपचार सुरू व्हायचे होते. त्याआधीचं रक्त द्यायला त्या आल्या होत्या.

रक्त देऊन झाल्यावर त्या घरी जातील ही कुणाची अपेक्षाच नव्हती. त्या सरळ आत गेल्या, स्वतःची काचपट्टी मागून घेतली आणि खिडकीजवळच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. त्यांना उठवायची छाती कुणाची होणार?

लेक नऊ वर्षांची असताना याच स्टुलावर उशी ठेवून बसायची. बाईंनी तिला पेशी ओळखायला शिकवल्या त्या टोपणनावांनी. शरीरात कुठे दाह झाला, सूज आली, की आधी धावत सुटतात त्या धावऱ्या. आणि शत्रू ओळखून, लक्षात ठेवून लढतात त्या जाणत्या. पुढे लेक डॉक्टर झाली, याच इस्पितळात कॅन्सरच्या विभागात लागली, आणि तिने धावऱ्यांना जाणत्यांनी भागून पाहिलं. बाहेर अनेकांनी हा भागाकार आधी केला होता, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. पण इथल्या तीनशे बारा रुग्णांचं उपचारांआधीचं रक्त आणि त्यांची पुढची दोन वर्षं तिने चिकाटीने जुळवली. ज्यांचं उत्तर पाचाच्या वर गेलं तो वरचा गट, आणि त्या गटाचं पुढे बरं झालं नव्हतं. आता नव्या रुग्णांवर ती तोच ताळा परत करून बघत होती.

"एकतीस वर्षं मी नुसती मोजत बसले," बाई येईल त्याला ऐकवायच्या. "भागायची अक्कल पोरीला." ऐकणारे कंटाळायचे, बाई नाही.

धावऱ्या एकशे बासष्ट, जाणत्या बावीस. बाईंनी पुन्हा मोजल्या. फरक पडला तो एका पेशीचा. चष्मा पुसून, दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून त्या वरच्या मजल्यावर लेकीच्या खोलीत गेल्या. मागून यजमान.

लेकीच्या पडद्यावर नव्या रुग्णांची यादी उघडी होती. सगळ्यात खाली, आजच्या तारखेला, एक ओळ करड्या रंगाची. वगळले, कारण स्टेरॉइड.

"ही करडी कोण?"

"तू." लेकीने मान वर केली नाही. "गुडघ्यांच्या गोळ्या घेत होतीस ना. त्यांनी धावऱ्या फुगतात."

"बंद करून पाच आठवडे झाले. तुझा नियम चारचा. भिंतीवर तूच चिकटवलायस."

"अगं, पण मध्ये सर्दी झाली होती की," यजमान घाईने म्हणाले.

"ती तुम्हाला. घरभर शिंकत होतात."

 तीन आठवड्यांपूर्वी पहिल्या तपासणीत हा भागाकार वर गेला होता, आणि तेव्हापासून घरात हेच चाललं होतं. कुणी गोळ्यांना दोष द्यायचं, कुणी झोपेला, कुणी यंत्राला. बाईही त्यातल्याच, त्यांनीही विषय निघाला की स्वयंपाकघरात काहीतरी शोधायला जायचा सपाटा लावला होता.

"तीनशे बारा लोकांचे आकडे लिहिलेस," बाई चिठ्ठी टेबलावर ठेवून खुर्ची ओढून बसल्या. "त्यांतल्या कितीजणी कुणाच्या आया असतील. त्यांच्या आकड्याला आडोसा केला नाहीस. मग माझ्याच कशाला?"

"आई, प्लीज."

"मी सही केलीय तुझ्या संमतीच्या कागदावर. मला या यादीतून खोट्या कारणाने निघायचं नाही. तुझं काम खरं आहे, म्हणून मी गावभर मिरवते. आज माझ्यासाठी एक ओळ खोटी लिहिलीस, तर उद्यापासून मी काय मिरवू?"

 लेकीने चिठ्ठी पुढे ओढली, ती ओळ निवडली, कारण पुसलं आणि भागाकार करून आकडा टाकला. सात पूर्णांक चार. ओळ काळी झाली. तिने सातावर सोडून दिलं नाही, दशांशही लिहिला, हे बाईंनी पाहिलं. त्यांचा ऊर भरून आला. असं हातचं न राखता लिहिणारं माणूस त्यांनी स्वतः घडवलं होतं, आणि ते आता त्यांच्यापुढे गेलं होतं.

"आता वाच," त्या म्हणाल्या. "कुठल्याही रुग्णाला सांगतेस तसं. मला तुझ्याच तोंडून ऐकायचंय."

यजमानांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. लेकीने खुर्ची आईकडे वळवली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. आईच्या डोळ्यांत बघत ती म्हणाली,

"आई, तू वरच्या गटात आहेस. माझ्या त्या गटातले निम्म्याहून जास्त लोक दोन वर्षांत गेले. सोमवारपासून आपण सगळं करणार आहोत, पण तू जाशील असं मला वाटतंय."