पीळ पडलेले टाय

हॉटेलातून परत आलेलं खोकं मालकांनी माझ्या कापायच्या टेबलावर आणून उपडं केलं, तेव्हा मी कात्रीला तेल देत होते. साठ-सत्तर टाय आणि वर मूठभर बो-टाय. देऊन सहा महिनेही झाले नव्हते. टाय मधूनच पीळ पडलेले, टोक नाकासमोर सरळ लोंबायचं सोडून शेजाऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं एका बाजूला गेलेलं, आणि निम्म्यांची मागची शिवण उसवलेली.

"शनिवारपर्यंत मला कारण हवंय," मालक म्हणाले. "हॉटेलवाले म्हणतात, आमचे वेटर टाय नाही, सुतळी बांधून फिरतायत. मागची शिवण उसवते म्हणजे शिवणाऱ्याचीच चूक. आत्यांचे हात आता चालत नाहीत, हे मी कधीपासून सांगतोय. मशीन आणतो, एक मुलगी बसवतो, संपला विषय."

आत्या चार हातांवर खिडकीपाशी बसली होती. तिला ऐकू गेलं असणारच. तिनं सुईत दोरा ओवला, दुसऱ्या खेपेला ओवला गेला, आणि पुढचा टाय मांडीवर घेतला.

ती माझ्या वडिलांची बहीण. मला तिनंच वाढवलं, या कारखान्यात तिनंच आणलं आणि माझ्या हातात कात्रीही तिनंच दिली. आम्ही दोघी एका खोलीत राहतो. सकाळी बरोबर निघतो, संध्याकाळी बरोबर परततो, आणि वाटेत बोलायला काही उरलेलं नसतं. ती जागा गेली तर आत्या घरी बसून काय करणार? कामाशिवाय ही बाई जगायची नाही, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. अगदी तिच्यासमोरसुद्धा.

टायची मागची शिवण हातानंच घालावी लागते. एकच लांब दोरा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, न तोडता, सैल. शेवटी दोऱ्याचा एक फेरा आत मोकळा सोडायचा. माणूस गाठ मारताना टाय ओढतो तेव्हा तो दोरा आत सरकतो आणि गाठ सोडली की मागे येतो. नव्या मुली तो फेरा लोंबणारा धागा समजून कापतात आणि आत्याची बोलणी खातात. आत्या कमी बोलते, पण तिचं बोलणं तिच्या शिवणीसारखंच टिकतं.

दुपारच्या सुट्टीत मी पाच टाय उसवले. खरं सांगते, मी आत्याचीच चूक शोधत होते. सापडली असती तर झाकली असती. पण टाके बिनचूक होते. फेराही प्रत्येकात होता, उलट मोठाच होता. नेहमी एक बोटभर सोडायची, तिथे दोन बोटं. मला काही उलगडेना. मग मी उसवलेलं कापड टेबलावर पसरलं, किनारीला समांतर जाणारा उभा धागा बघितला आणि त्यावर काटकोन मोजायचा गुण्या ठेवला.

टायचं कापड पूर्ण उरेब, म्हणजे तिरकं कापायचं असतं, किनारीशी बरोबर अर्ध्या काटकोनात. हे अर्ध्या काटकोनात नव्हतं. चार-पाच अंश उभं होतं. आणि ते तसं मीच कापलं होतं.

त्याचं असं झालं. नवा तागा अरुंद पन्ह्याचा आला होता. पूर्ण उरेब कापलं की कोपऱ्यांत कापड फार वाया जातं. मी पुठ्ठ्याचा फर्मा जरासा उभा केला आणि एका ताग्यात नऊ टाय जास्त बसवले. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "हिला डोकं आहे." तीस वर्षांत पहिल्यांदा. मी दोन दिवस हवेत होते. स्तुती कुणाला नको असते, आणि पोटात भूक असली की शिळीही गोड लागते. पण उरेब चुकलं की कापड स्वतःच्या मर्जीनं एका अंगाला ओढतं. गाठ मारली की पीळ पडतो आणि सगळा ताण एकट्या दोऱ्यावर येतो. म्हणजे मी बिघडवलेलं आत्याच्या दोऱ्यानं इतके महिने तोलून धरलं होतं आणि आता चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती.

कारण कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. पण मी खूप दमले. इतकी, की तिथेच कापडाच्या ढिगावर डोकं ठेवावंसं वाटलं.

शुक्रवारी मी दोन टाय तयार केले. एक माझ्या हुशारीच्या कापाचा. दुसरा जुन्या फर्म्याचा, पूर्ण उरेब, आणि आतलं लोकरी अस्तरसुद्धा उरेबच कापलेलं. परत आलेले बो-टाय जिथे गळ्याच्या हुकाला घासून विरले होते, तिथे आतून उरेब पट्टी घातली. मग दोन खुर्च्यांच्या पाठींना टाय बांधायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. शंभर वेळा. इस्त्रीवाली मोजायला बसली.

"खुर्च्यांची लग्नं लावतेयस का गं?" ती म्हणाली. "नवरे बरे दिसतायत. बोलत नाहीत, एवढंच काय ते."

आत्या खिडकीपाशी बसून बघत होती. "शंभर कशाला," ती म्हणाली, "चाळिसातच कळेल."

बेचाळिसाव्या गाठीला हुशारीचा टाय वळला. मी उठून आत्याजवळ गेले.

"तुला माहीत होतं?"

"कापड हाताखाली बसत नव्हतं. मग फेरा मोठा सोडायला लागले. म्हटलं, तेवढ्यानं निभावेल."

"अगं, मग बोलायचंस ना."

"तुझं कौतुक चाललं होतं," ती म्हणाली आणि अंगुस्तान पुन्हा बोटात घातलं.

मला तिचा राग आला. स्वतःचा जास्त आला, पण तो काढायला जागा नव्हती.

शनिवारी सकाळी ती म्हणाली, "मी पुढे होते, तू ये मागून." असं ती कधी करत नाही. मी दोन्ही टाय पिशवीत घालून पोचले तर खिडकीची जागा रिकामी. मालकांच्या खोलीत गेले. ते हॉटेलला पत्र लिहीत होते.

"आत्या येऊन गेल्या," ते मान वर न करता म्हणाले. "माझेच हात, म्हणाल्या. डोळेही गेलेत, म्हणाल्या. बाई सरळ आहे. उगाच वाद घातला नाही. काम सोडते, म्हणाल्या."

मी पिशवी उलटी केली आणि दोन्ही टाय त्या पत्रावर ठेवले. फर्मा कुणी उभा केला, नऊ टाय कुठून आले, सगळं सांगितलं. मी गरजेपेक्षा जास्तच मोठ्यानं बोलत होते. इस्त्रीवालीनं बाहेर इस्त्री उभी करून ठेवली असणार, कारण तिकडून काहीच आवाज येत नव्हता.

मालकांनी दोन्ही टाय बोटांत फिरवून पाहिले. माणूस वाईट नाही, आमच्याइतकाच दमलेला आहे.

"शाबासकी मीच दिली होती ना," ते म्हणाले. मग त्यांनी पत्र फाडलं. "जुना फर्मा काढ. अस्तरही असंच काप. आणि आत्यांना सांग, सोमवारपासून या म्हणावं. मशीन राहू दे."

मी जवळजवळ धावतच घरी गेले. कित्येक वर्षांत घरी न्यायला माझ्याकडे चांगली बातमी नव्हती.

आत्या खाटेवर आडवी झाली होती. भर दिवसा, अंगात ताप नसताना झोपलेली आत्या मी पहिल्यांदा पाहिली. हात पोटावर उताणे ठेवले होते आणि बोटं पूर्ण उघडत नव्हती.

"सगळं सांगितलं मी मालकांना," मी दारातूनच म्हणाले. "चूक माझी होती, त्यांना पटलंय. सोमवारी बोलावलंय तुला. जागा तीच, खिडकीची. मशीन नाही आणणार."

ती उठून बसली नाही.

"तू कशाला गं गेलीस सांगायला?"

"म्हणजे? तुझ्यावर खोटा आळ आलेला मी बघत बसू?"

"मला वाटलं होतं, सुटले," आत्या म्हणाली.

मी चपला पायात ठेवूनच उभी राहिले.

"चार वर्षं झाली, बोटं ठणकतात. सकाळी तर मूठही वळत नाही. तुला सांगणार होते. पण तू सगळ्यांना सांगत असायचीस, आत्या कामाशिवाय जगायची नाही. इतक्यांदा ऐकलं, की मलाही वाटायला लागलं, तसंच असेल. मालकांनी हात चालत नाहीत म्हटलं ना, तेव्हा मला वाईट नाही वाटलं. म्हटलं, कुणीतरी म्हणालं एकदाचं."

बाहेर कुणीतरी नळाखाली बादली लावली होती, ती भरत होती. आत्यानं मान माझ्याकडे वळवली.

"सोमवारी नाही गेले तर चालेल का?"

इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. आणि मी तिथे उभं राहून आधी खोलीच्या भाड्याचा विचार केला. मग मालकांना काय सांगायचं याचा. मग शिवणीला कुणाला बसवायचं याचा.

मी हो म्हणाले. पण हो म्हणायला मी जेवढा वेळ घेतला, तेवढा घ्यायला नको होता.