ज्यावर बोट ठेवाल ते

त्या घराण्यात नवा संसार मांडणाऱ्याला विकतचं काही द्यायचं नाही, अशी रीत होती. कोणी पाडली, कधी पाडली, ते सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं. नवं घर घेणाऱ्याने नात्यातल्या प्रत्येकाकडे जायचं, घरभर हिंडायचं आणि एका वस्तूवर बोट ठेवायचं. ज्यावर बोट ठेवाल ते तुमचं. देणाऱ्याने नाही म्हणायचं नाही, 'हे नको, ते ने' असं सुचवायचं नाही, आणि मुख्य म्हणजे तोंड पाडायचं नाही. घेणाऱ्यानेही पाडायचं नाही, कारण काही घरांत बोट ठेवण्याजोगं काही सापडतच नाही.

थोरल्या सुनेच्या घराबद्दल असं म्हणायची कोणाची टाप नव्हती. ती इंटिरियर डिझायनर. लोकांची घरं सजवणं हाच तिचा व्यवसाय, आणि स्वतःचं घर तर तिने असं सजवलं होतं की पाहुणे सोफ्यावर टेकण्याआधी आपले कपडे मळलेले नाहीत ना, ते मागे वळून बघत. एका खोलीत एकाच वस्तूने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, हा तिचा नियम. बैठकीत निळसर काचेचा दिवा बोलत असे, जेवणाच्या खोलीत शिसवी चौकटीचा आरसा, आणि झोपायच्या खोलीत भिंतीवर टांगलेला हातविणीचा गालिचा. आरसा सासूबाईंकडचा. वेगळं बिऱ्हाड केलं तेव्हा तिने सरळ त्याच्यावर बोट ठेवलं होतं. त्या घरातली सगळ्यात देखणी वस्तू तीच होती, आणि हिची नजर तेव्हापासूनच तयार. सासूबाई हसून "ने हो" म्हणाल्या, आणि पुढे कितीतरी दिवस भिंतीवरच्या रिकाम्या चौकोनाकडे बघत वेणी घालत राहिल्या.

थोरलीचं दुखणं वेगळंच होतं. तिच्या घरातल्या वस्तूंवर कोणी जीव टाकून बोट ठेवत नसे. रीत म्हणून ठेवत, पण कशावर? एका पुतण्याने सगळं घर बघितलं, "वा काकू, वा काकू" केलं आणि फ्रिजवरचं चुंबक नेलं. पाण्याच्या फिल्टरबरोबर फुकट आलेलं! एका चुलतनणंदेने हात पुसायचा नॅपकिन नेला. "तुझ्याकडचं काही उचललं तर उरलेलं घर उघडं पडेल गं," असं वर म्हणाली. आणि हीच मंडळी धाकट्या जावेकडे गेली की कढई काय, गजराचं घड्याळ काय, पायपुसणंसुद्धा भांडून नेत.

धाकटी जाऊ दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची आणि पेशंटना वेळा द्यायची. तिच्या घरात सगळ्या वस्तू एकदम बोलत आणि ऐकणारं कोणी नसे. एका खुर्चीला दुसरी मिळती नाही, जोडीचा म्हणून एक कप नाही, आणि बैठकीच्या खिडकीला तो पडदा. नारिंगी, त्यावर ताटाएवढाली पिवळी फुलं. थोरली त्याला सर्कशीचा तंबू म्हणे आणि म्हणताना हसे. पण घरी परतताना तिचं तोंड कडू झालेलं असे, कारण अख्खं घराणं जमायचं ते त्या तंबूतच. थोरलीकडे लोक बोलावल्यावर येत. धाकटीकडे आपोआप येऊन टपकत आणि उठायचं नाव घेत नसत. ती जळत होती, आणि आपण जळतो हे कोणाला कळू नये म्हणून धाकटीला दरवर्षी न चुकता महागड्या चादरी देत होती.

आणि आता नणंदेने घर घेतलं.

नणंदेची गोष्ट निराळी. बाकीच्यांनी चुंबक न्या नाहीतर केरसुणी न्या, थोरलीने ते गिळलं असतं. पण ही पोर तिच्या अंगाखांद्यावर वाढली होती. थोरली लग्न होऊन आली तेव्हा ती शाळेत होती, दोन वेण्या आणि सदा वाहणारं नाक. गणितात नापास झाली की आईला सांगण्याआधी ती थोरल्या वहिनीच्या भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन बसायची. पुढे कॉलेज झालं, नोकरी लागली आणि हळूहळू तिचे पाय धाकटीच्या घराकडे वळायला लागले. का, ते थोरलीला समजलं नाही. तेव्हा तिचं काम वाढत होतं, नवं घर झालं होतं, गालिचा आला होता. समजलं ते एवढंच, की आपलं माणूस दुसरीने पळवलं. आता या पोरीने आपल्या घरातल्या कशावर तरी मनापासून बोट ठेवावं, आणि ते धाकटीकडच्या वस्तूपेक्षा वरचढ असावं. बाकी तिला काही नको होतं.

नणंद पहिल्यांदा गेली धाकटीकडे. थोरली बरोबर होती. नव्या घराची सजावट अर्थात तीच करत होती, तेव्हा "वाटेत टाइल्सच्या दुकानात जाऊ" असं निमित्त तिने काढलं होतं. खरं कारण सांगायला नकोच.

नणंदेने घरभर हिंडायचे कष्टच घेतले नाहीत. चपला काढल्या, खिडकीपाशी गेली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"हा?" धाकटी म्हणाली. "अगं, विटलाय तो. खाली उसवलाय पण."

"रीत माहीत आहे ना? नाही म्हणायचं नाही."

"नाही कुठे म्हणतेय? निदान धुऊन तरी देते."

"धुऊ नकोस, असाच हवाय." नणंदेने पडद्यात तोंड खुपसलं. "नोकरी गेली तेव्हा मी इथेच झोपायचे की नाही? सकाळी डोळे उघडले की सगळी खोली नारिंगी. उगाचच वाटायचं, आज काहीतरी बरं होणार."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. हिची नोकरी गेली होती, हे तिला दुसरी लागल्यावर कळलं होतं. आईला सांगितलं नाही हे ठीक, पण मला? आणि हिला मात्र सांगितलं, या तंबूवालीला!

"तुझ्या भिंती फिक्या राखाडी आहेत," ती म्हणाली. "त्यावर हा म्हणजे... ठीक आहे, बघू."

"बघू नाही वहिनी, बसवायचा. तू मनात आणलंस तर काहीही बसवशील."

ते कौतुक होतं. थोरलीला ते टोमण्यासारखं लागलं आणि टाइल्सच्या दुकानात तिने विनाकारण विक्रेत्याला फैलावर घेतलं.

रविवारी नणंद थोरलीकडे यायची होती. गिऱ्हाइकाला आपल्या मनासारखं कसं निवडायला लावायचं, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. तीन रंग दाखवायचे, दोन मुद्दाम मेलेले. तेच तिने घराचं केलं. गालिचा उतरवून माळ्यावर टाकला. आरशासमोर उंच पाठीची खुर्ची अशी सरकवली की तो अर्धा झाकला जावा. बैठकीचे पडदे निम्मे ओढले, दिवा दारातून थेट दिसेल असा कोपऱ्यात आणला, आजूबाजूचं सगळं उचललं आणि भर दिवसा तो लावून ठेवला. तो दिवा तिचा जीव की प्राण. त्यावरची धूळ पुसायचीसुद्धा कोणाला परवानगी नव्हती. पण जाऊ दे गेला तर! नणंदेच्या बैठकीत तो दिमाखात उभा राहील, आणि शेजारी तो विटका पडदा. आलेला माणूस काय बघेल?

"अगं, माझी बहीण येतेय, गिऱ्हाईक नाही," नवरा म्हणाला.

"तुम्ही आधी तो पेपर उचला तिथून."

कामाच्या खोलीत एक तपकिरी फिरती खुर्ची होती. रेक्झिन फाटलेलं, एका हाताला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, हललं की करकरायची. भाड्याच्या खोल्यांपासूनची ती. धाकटीच्या घरात अगदी शोभून दिसली असती, आणि म्हणूनच थोरलीला तिची लाज वाटत होती. नणंदेची नजर चुकून तिच्यावर गेली तर दिव्याचा सगळा परिणाम मातीत. रविवारी सकाळी भंगारवाल्याची हाक आली, तेव्हा रिकाम्या खोक्यांबरोबर तीही गेली.

नणंद आली. हात पाठीमागे बांधून, दुकानात हिंडावं तशी हिंडली. दिव्यापाशी थांबली. "आज किती छान दिसतोय हा," म्हणाली. थोरलीने श्वास रोखला. पण नणंद तिथून पुढे गेली ती तडक कामाच्या खोलीत. दारातच उभी राहिली.

"वहिनी, इथली खुर्ची?"

"ती होय? दिली सकाळीच भंगारात. किती वर्षं सांभाळायचं ते लोढणं!"

नणंदेचा हात दाराच्या चौकटीवर होता. तो तिथे जरा जास्तच वेळ राहिला.

"बरं केलंस," ती म्हणाली. "फारच करकरायची."

मग ती बैठकीत परतली, इकडेतिकडे पाहिलं, आणि दारावरची घंटा दाबावी तसं झटकन दिव्याच्या काचेवर बोट ठेवलं. "हा घेऊ? चालेल?"

थोरलीच्या मनात वाजंत्री वाजायला लागली. दिवा तिने स्वतः गुंडाळला. सुती कापडाचे पदर, वर पुठ्ठा, वर दोरी. गुंडाळताना ती धाकटीचा चेहरा डोळ्यांपुढे आणत होती. नवऱ्याने "आवडता होता ना तुझा?" असं विचारलं, तर "देताना हात आखडायचा नसतो," असं उत्तर दिलं. नणंद सोफ्याच्या कडेला बसून चहा पीत होती आणि फारसं बोलत नव्हती. थोरलीला वाटलं, एवढी मोठी वस्तू मिळाल्यामुळे ती भारावली असणार.

पडदा लावायचा दिवस आला. थोरलीने तो मागच्या खोलीत ढकलायचा प्रयत्न करून पाहिला होता, पण नणंद ऐकेना. बैठकीतच हवा. मग काय करते! थोरली शिडीवर चढली, धाकटी खाली उभी राहून एकेक कडी हातात देत होती. नणंद स्वयंपाकघरात डबे लावत होती. कोपऱ्यात दिवा उभा होता, थोरलीने ठरवला होता तिथेच, आणि ती शिडीवरून धाकटीच्या डोळ्यांकडे बघत होती. धाकटीने दिवा पाहिला, "छान आहे" म्हणाली, आणि तरी काहीतरी शोधतच राहिली.

"ताई, खुर्ची कुठे दिसत नाही?"

"कुठली खुर्ची?"

"तुमच्याकडची. ती तपकिरी, गोल फिरणारी. तीच मागणार होती ना ही?"

थोरलीचा हात वरच थांबला.

"तुमच्यापाशी बोलली नाही का? माझ्याकडे राहायची तेव्हा दुसरा विषयच नसायचा. मी घर घेतलं की थोरल्या वहिनीकडची खुर्ची आणणार. बाकी कोणाला हात लावू देऊ नका म्हणायची." धाकटी हसली. "आता सांगायला हरकत नाही. माझ्या पोटात दुखायचं हो. जेवायला माझ्याकडे, झोपायला माझ्याकडे, रडायलासुद्धा माझ्याकडे, आणि गोडवे तुमचे. मला वाटायचं, एवढं काय आहे त्या खुर्चीत!"

स्वयंपाकघराच्या दारात नणंद येऊन उभी होती. हातात डब्याचं झाकण.

"छे गं, मी दिवाच मागितला," ती हसत म्हणाली. "खुर्ची कुठे ठेवणार होते? तो दिवा बघ ना कसला आहे." तिचं तोंड जराही पडलं नव्हतं. रीत तिने अगदी नीट पाळली, आणि झाकण घेऊन पुन्हा आत गेली.

"असेल बाई," धाकटी म्हणाली. "माणसाचं मन बदलतं."

थोरली शिडीवरून खाली उतरली. शिडीचा दांडा धरून उभी राहिली. दाराच्या चौकटीवर थांबलेला तो हात तिला आता दिसला. 'चालेल?' हा शब्दही आता ऐकू आला.

"काय म्हणायची ती?" तिने हळूच विचारलं. "खुर्चीबद्दल."

"हेच की, त्या खोल्यांत एकच खुर्ची होती. ही आली की तुम्ही उठायचा, हिला बसवायचा आणि स्वतः फरशीवर पाट घेऊन नकाशे काढायचा. ही गोल गोल फिरायची, तुम्ही मान वर न करता पाढे विचारायचा. चुकली की पायाने खुर्ची उलटी फिरवायचा. तिला म्हणे ते इतकं आवडायचं की ती मुद्दाम चुकायची."

थोरलीला यातलं काही आठवेना. पाट आठवला, भाडं तुंबलेलं आठवलं, कंबर दुखायची ते आठवलं. पण पायाने खुर्ची फिरवणारी, हसणारी बाई तिला दिसेना. इतकी वर्षं ती धाकटीवर जळली होती, आणि आता समोर उभ्या असलेल्या धाकटीचं तिला काहीच वाटत नव्हतं. सगळा जळफळाट भाड्याच्या खोल्यांतल्या त्या बाईकडे वळला होता. जिच्याकडे दिवा नव्हता, आरसा असून टांगायला धड भिंत नव्हती, आणि जिच्याकडे पोरगी न बोलावता यायची. त्या बाईत असं काय होतं? नवऱ्याच्या पहिल्या बायकोबद्दल दुसरीने खोदून खोदून विचारावं, तशी ती विचारत राहिली.

"अजून काय म्हणायची?"

"ताई, आधी वर चढा बघू. दोन कड्या राहिल्यात."

"राहू देत. तू सांग. अजून काय म्हणायची?"